निशाण पडलं की

सुदामनाना कधी कुणाच्या गाडीत पुढं बसले नाहीत. एसटी असो, जीप असो, लग्नाची फुलं लावलेली गाडी असो, नाना मागं बसायचे आणि तेही ड्रायव्हरच्या बरोब्बर पाठीशी. पुढं या म्हटलं तर म्हणायचे, "म्होरनं काय, समद्यांनाच दिसतंय राव. जनावराच्या मनात काय हाय ते मागं बसल्याबिगर कळत न्हाई." गाडीला ते गाडी म्हणत नसत. ट्रॅक्टर, टेम्पो, माझ्या दुकानातला हवा भरायचा कॉम्प्रेसर, सगळं त्यांच्या लेखी जनावर.

माझं आळेफाट्याला टायरचं दुकान आहे, आणि नानांची वस्ती आळ्याकडं आमच्या मळ्याला लागून. म्हणजे सकाळी बांधावर आणि दुपारी दुकानात, असा हा माणूस दिवसातून दोनदा माझ्या वाट्याला यायचा. टायर त्यांनी माझ्याकडून एकही घेतला नाही, कारण त्यांच्याकडं गाडीच नव्हती. यायचे, बाकड्यावर बसायचे, गिऱ्हाइकाच्या चाकावर तळवा फिरवायचे आणि गिऱ्हाइकालाच विचारायचे, "मागनं ढकलतंय का म्होरनं ओढतंय?" माणूस बावचळायचा. चार लाखांची गाडी घेऊन आलेल्या किती जणांना आपली कुठली चाकं फिरतात हे ठाऊक नसतं, याचा नानांना फार आनंद व्हायचा.

हाच प्रश्न ते माणसांनाही लावायचे. सरपंचाचं नाव निघालं की, "त्याला बायको ढकलती." तलाठ्याचं निघालं की, "त्याला जेवान ओढतं." मी एकदा विचारलं, "आन मला वो नाना?" तर माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "तुला ना कोन ढकलतंय ना कोन ओढतंय. तू उतारावर हायेस." मला राग आला होता. अजूनही येतो, कारण ते खरं आहे.

उंच, हडकुळा माणूस. खांद्यावर कायम पांढरा पंचा. हा पंचा लक्षात ठेवा.

त्यांचं घराणं मूळचं मेंढरांचं. आजोबांपर्यंत कळप घेऊन कोकणात उतरायचे, सामान घोडीच्या पाठीवर. मेंढरं गेली, शेती आली, पण दावणीची घोडी काही सुटली नाही. आमच्याकडं घोडीला काम असतं. बैलगाड्याच्या शर्यतीत आमच्या भागात गाड्यावर माणूस बसत नाही. चार बैल मोकळ्या गाड्याला जुंपतात आणि त्यांच्या पुढं एक घोडी पळते, स्वारासकट. घोडी पळते म्हणून बैल पळतात. चढाची ती धावपट्टी म्हणजे घाट. वरच्या टोकाला एक माणूस निशाण धरून उभा असतो. बैलांनी रेषा ओलांडली की तो निशाण खाली टाकतो आणि बारी, म्हणजे ती एक धाव, संपते.

आता बारी संपली तरी बैलांना ते कुठं माहीत असतं. स्वारानं घाबरून लगाम ओढला की घोडी जागेवर थबकते आणि मागून चार बैल तिच्या अंगावर येतात. नानांचा धाकटा भाऊ असाच गेला. नाना खाली बैल सोडायला उभे होते. त्यांनी ते सगळं खालून पाहिलं. त्या दिवसानंतर नानांच्या घोडीवर जो बसेल त्याला एकच गोष्ट शिकवली जायची. निशाण पडलं की टाच उचलायची, हात सैल सोडायचा. ओढायचं काही नाही, धरायचं काही नाही. घोडी आपली आपण कडेला निघते.

भाऊ गेल्यावर घोडीवर बसली ती नानांची लेक, मनीषा. तिची आई ती रांगत असतानाच वारली होती, तेव्हा तिला सांभाळायचं ते घोडीबरोबरच सांभाळलं असं नाना सांगायचे. पोरगी हलकी, डोळ्यात भीती नाही. गाव बोललं. नाना म्हणाले, "घोडीला कळत न्हाई वरती पोरगा हाय का पोरगी. तुमालाच कळतंय."

पण भीती नानांना होती, आणि ती त्यांनी पोरीच्या हाडात उतरवली. कसं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मनी सायकलवर असो, जेवत असो, दोरीवर कपडे घालत असो, नाना मध्येच खांद्यावरचा पंचा जमिनीवर टाकायचे. बोलायचे काही नाहीत. पंचा पडला की मनीनं हातातलं सगळं सोडायचं. सायकलवर असली तर पायडलवरून पाय उचलायची. एकदा तिनं अशी कालवणाची वाटी सोडली आणि सगळं माझ्या पायावर. मी म्हणालो, "नाना, पोरीला याड लावाल." ते म्हणाले, "इचार करायला टाइम नसतो तवा राव. डोस्क्याला कळायच्या आदी पायाला कळाया पायजे."

पायाला कळलं. मनीनं घोडी किती घाटांत पळवली त्याचा हिशोब नाही, पण निशाणापाशी तिची टाच कधी चुकली नाही. ती मोठी झाली तेव्हा मात्र भावकी घरी आली आणि आता हे बरं दिसत नाही म्हणाली. नाना गप्प बसले. मनी घोडीवरून उतरली ती एक शब्दही न बोलता. मला वाटतं नानांना तिच्या बोलण्यापेक्षा ते गप्प बसणं जास्त लागलं. पुढं शर्यतीच बंद पडल्या काही वर्षं, तरी रोज घोडीला खरारा करताना म्हणायचे, "पोरीला मी उतरवली. भावकी नुसती आलती."

मनी हुशार. अवसरीला इंजिनीअरिंग केलं, चाकणला गाड्यांच्या कारखान्यात लागली, तिथलाच अमोल नावाचा नवरा केला. साधा, सरळ पोरगा. दोघांना एक खूळ होतं, ट्रॅक डेचं. म्हणजे आपली रोजची गाडी घेऊन एका बंदिस्त ट्रॅकवर जायचं, डोक्याला हेल्मेट घालून हवी तेवढी पिटायची, आणि धड राहिली तर तीच चालवत घरी यायचं. मी हे ऐकल्यावर म्हणालो होतो की टायरवाल्यांचं भलं करायला देवानंच ही माणसं धाडली आहेत.

नाना पहिल्यांदा ट्रॅक बघून आले आणि दुकानात बाकड्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "पुन्यांदा बसली पोरगी." एवढंच.

अमोलकडं हॅचबॅक होती. दिसायला साधी, घरगुती, पण आत इंजिन दांडगं आणि चारही चाकांना ताकद. मनीनं स्वतःच्या पगारातून जुनी कूपे घेतली. दोन दारांची, ठेंगणी, लांब नाकाची, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. पहिल्या वर्षी ती अमोलची हॅच पळवायची, कूपे नुसती सरावाला. वर्षाच्या शेवटी त्यांच्या क्लबची वेळ लावून फेरी असायची आणि ज्याची वेळ चांगली त्याला पुढच्या वर्षी क्लबच्या टीममध्ये जागा. पहिल्या वर्षी हॅच घेऊन मनी थोडक्यात हुकली. दुसऱ्या वर्षी तिला ती जागा पाहिजेच होती. एकाच गाडीचं नाव द्यायचं होतं. कुठली, एवढा प्रश्न.

आमच्यात नवी जोडी घ्यायची तर दोन्ही जोड्या एकाच घाटात पळवून बघतात. नानांनी तेच केलं. शर्यती बंद असल्या तरी जत्रेच्या आधी गावानं रिवाज म्हणून घाट लोटून, मुरूम दाबून तयार ठेवला होता. नानांनी दोन्ही गाड्या खाली उभ्या करायला लावल्या, दोन्ही पळवायच्या मनीनंच. अर्धं गाव देवळाच्या कट्ट्यावर. हॅच सरळ वर गेली, बघणाऱ्याला वाटावं की रस्ता सपाटच आहे. कूपेची मागची चाकं मुरुमात फिरली, शेपूट इकडून तिकडं गेलं, अर्ध्या घाटात धुरळ्याशिवाय काही दिसेना. पोरं हसली. अमोलला बरं वाटलं असणार.

नाना मात्र मनीकडं बघत होते. हॅचमधून उतरली तेव्हा ती नुसती उतरली. कूपेमधून उतरली तेव्हा ती धुरळ्यानं माखलेली होती आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या माझ्या दुकानात. नानांनी आठही चाकांवर हात फिरवला. हॅचची चारही सारखी झिजलेली. कूपेची पुढची नवी वाटावीत आणि मागची संपलेली. अमोलनं समजावून सांगितलं. तो नानांशी फार अदबीनं बोलायचा.

"नाना, डांबरावर दोघींची वेळ जवळपास सारखीच येते. कूपे एखाद्या फेरीला पुढं जाते, पण तिच्यात चूक झाली तर सुटका नाही. हॅच सांभाळून घेते. माणूस चुकला तरी ती चुकू देत नाही."

"म्हंजी ती चूक झाकती," नाना म्हणाले.

"झाकते म्हणा हवं तर."

"चूक झाकनारं जनावर मी दावनीला ठेवत न्हाई. आपली चूक आपल्याला कळत न्हाई मंग कदीच. हे दोन दाराचं लई नाठाळ हाय, पर खोटं बोलत न्हाई. मागनं ढकलतंय. पाठीला कळतंय काय चाललंय ते."

अमोलनं माझ्याकडं बघितलं. मी टायरवाला, मी काय बोलणार. मी म्हणालो, "आठ दिवस हायेत अजून. मनीला ठरवू द्या."

मनी दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "नाना, तुमीच सांगा. तुमी म्हनाल ती."

तिला कूपेच हवी होती, हे माझ्यासारख्या ठोंब्यालाही दिसत होतं. तिला फक्त बापानं एकदा म्हणायला हवं होतं. जे त्यानं भावकीपुढं म्हटलं नव्हतं ते. नानांनी कूपेच्या छपरावर थाप मारली आणि म्हणाले, "हिच्यावर बस."

मी मागच्या चाकांना नवे टायर घातले.

ट्रॅकवर मीही गेलो, जादाचे टायर घेऊन. कोरडं ऊन होतं. सरावाला निशाण नसतं, दिवा लागला की गाड्या हळू करून आत घेतात. सराव उत्तम झाला. मग वेळेच्या फेऱ्या. नाना जाळीला हात लावून उभे. कूपे प्रत्येक वळणात मागून जरा घसरायची आणि मनी हातानं तिला सरळ करायची. नाना डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "आवाज ऐक. कुटं तुटत न्हाई." मी त्यांना आयुष्यात तेवढं खूष कधी बघितलं नाही. अमोल घड्याळ बघून ओरडला की ही फेरी सगळ्यांत चांगली आहे, असंच राहू दे फक्त.

त्या ट्रॅकची शेवटची रेषा सरळ पट्टीवर नाही. लांब डावं वळण सुरू होतं, त्याच्या तोंडाशीच आहे. गाडी वळायला लागलेली असते तेव्हा रेषा येते. तिथं उंचावर एक माणूस चौकड्यांचं निशाण घेऊन उभा. शेवटच्या फेरीला कूपे आली, नाक वळणात घातलं, रेषा ओलांडली आणि त्यानं निशाण खाली मारलं.

आवाज तुटला. एकदम, दोरी कापावी तसा.

भर वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय असा एकदम काढला की गाडीचं वजन पुढं येतं आणि मागची चाकं हलकी होतात. मनीला हे माझ्यापेक्षा दसपट माहीत होतं, शिकलेली पोरगी, रोजचं काम तिचं. पण ते डोक्याला माहीत होतं. मागच्या वर्षी हॅचमध्ये याच जागी तिनं हेच केलं असणार आणि हॅच निमूटपणे वळून गेली असणार. कुणाला कळलंच नाही. कूपे मागून फिरली, तोंड मागं झालं तरी थांबेना, आणि आडवी कठड्यावर गेली.

लोक पळाले. अमोल जाळीवरून चढून गेला. नाना जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी जाळी धरलेली होती आणि ते मला म्हणाले, अगदी हळू, "टाच उचलली रं तिनं."

मला समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा मी तोंड फिरवलं. त्या माणसाकडं बघवेना.

मनी वाचली. पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही उरलं नाही. पुण्याला दवाखान्यात महिने गेले, मग ती वस्तीवर आली, चाकाच्या खुर्चीत. अमोल शनिवार-रविवार यायचा, तिचं सगळं करायचा, नानांशी मात्र लागेल तेवढंच बोलायचा. मी त्याला दोष देत नाही. मला कुणी विचारलं तर मी सांगेन की दोष नानांचा होता, आणि त्याच दमात हेही सांगेन की त्या माणसानं भावाचं मढं बघून पोरीला जगायला शिकवलं होतं. दोन्ही एकच गोष्ट आहे, आणि ती मला आजही पचत नाही.

गावात बोलणारे बोलले, पोरीच्या जातीला काय करायचं असलं. पाहुणे म्हणाले, गाडी घसरली, नशीब. मनीही तेच म्हणायची, "गाडी घसरली, नाना. डांबर गरम व्हतं." नाना मान हलवायचे. ती खोटं बोलतेय हे त्यांना कळायचं आणि त्यांना कळतंय हे तिला कळायचं. असं ते दोघं एका घरात राहिले.

एक दिवस मी तिथं चहाला होतो. मनी खुर्चीत, हातात चहानं भरलेला पेला. नाना वाकून चुलीतलं लाकूड मागं सारत होते. वाकताना त्यांच्या खांद्यावरचा पंचा घसरला आणि जमिनीवर पडला.

मनीच्या हातातून पेला सुटला. गरम चहा सगळा तिच्या मांड्यांवर. ती ओरडली नाही, कारण तिला काही लागलंच नव्हतं. ती मांडीकडं नुसती बघत राहिली. मी धावलो, पाणी ओतलं. नानांनी पंचा उचलला, घडी केली आणि चुलीत घातला. त्यानंतर मी त्यांच्या खांद्यावर कधी कापड बघितलं नाही. थंडीतसुद्धा नाही. घोडी त्यांनी त्याच आठवड्यात निरगुडसरच्या माणसाला देऊन टाकली. आणि दुकानात आले तरी कुणाच्या गाडीला हात लावेनात. मी मुद्दाम एकदा विचारलं, "नाना, ही बघा, मागनं ढकलती का म्होरनं ओढती?" ते म्हणाले, "तूच बग बाबा. मला न्हाई कळत."

मी त्यांना शेवटचं धडधाकट पाहिलं ते जत्रेत. त्याच थंडीत ते गेले. झोपेत गेले. पण मला आठवतात ते जत्रेतले.

शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या. मनीनं हट्ट धरला की तिला घाट वरून बघायचाय, निशाणाजवळनं. जीप जायला जागा नव्हती, गर्दीच तेवढी. बाऱ्या थांबल्या होत्या, दुपारच्या जेवणाची वेळ. मी म्हणालो, चार पोरं बोलावतो, खुर्ची उचलून नेऊ. नाना म्हणाले, "कशाला. मी हाय की."

आणि त्यांनी खुर्ची घाटात घातली. मागून ढकलत. मनी दोन्ही हातांनी चाकं फिरवत होती, हातांत तिच्या ताकद फार. बैलांच्या खुरांनी मुरूम उकललेला, चाकं रुतायची. अर्ध्यावर आले तेव्हा कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली. मी शेजारनं चालत होतो. हात लावायला गेलो तर नानांनी नुसतं बघितलं आणि मी हात मागं घेतला.

वर निशाणवाला उभा होता. गावातलाच म्हातारा, मनीला घोडीवर बघितलेला. त्याला भरून आलं असावं. पोरीचा मान करावा म्हणून खुर्ची रेषेपाशी आल्याबरोबर त्यानं निशाण उचललं आणि खाली टाकलं.

मनीचे दोन्ही हात चाकांवरून सुटले.

घाटाचा तो सगळ्यांत खडा भाग आहे. खुर्चीचं आणि तिचं सगळं वजन एकदम नानांवर आलं. त्यांचे पाय मुरुमात मागं घसरले, एक चप्पल निघून खाली घरंगळली. मी पुढं झालो. मनी मागं वळून म्हणाली, "नाना, हात सुटलं माझं."

नाना निशाणाकडं बघत नव्हते. त्यांचं कपाळ खुर्चीच्या पाठीला टेकलेलं होतं आणि डोळे मिटलेले. "सुटू दे," ते म्हणाले. "मी धरलंय."

मग एक पाऊल, मग दुसरं, असं करत त्यांनी खुर्ची रेषेच्या पार नेली, निशाणवाल्याच्या पुढं नेली, सपाटीवर नेली. तिथं उतारही नव्हता आणि चढही नव्हता. मनी म्हणाली, "आलं नाना. सोडा आता." मी पण म्हणालो. त्यांनी मुठी सोडल्या नाहीत. खालून बाऱ्या पुन्हा सुरू झाल्या, एकेक निशाण पडत गेलं, आणि नाना संध्याकाळपर्यंत तिच्या मागं तसेच खुर्ची धरून उभे होते.